सहा मिलिमीटरमागचे दोनशे किलोमीटर

७ जुलै २०१७. टूर द फ्रान्सचा सातवा टप्पा, त्रुआ ते न्यूई-सां-जॉर्ज, २१३.५ किलोमीटर. पाच तास तीन मिनिटं सायकल हाणल्यावर जर्मनीचा मार्सेल किटेल आणि नॉर्वेचा एडवाल्ड बोआसन हागेन खांद्याला खांदा लावून शेवटच्या रेषेवर आले. दोघांनीही एकाच क्षणी हात ताठ करून, कंबर मागे नेत, सायकल पुढे ढकलली. कोण जिंकलं ते त्या दोघांना कळलं नाही, रस्त्याकडेच्या प्रेक्षकांना कळलं नाही आणि समालोचकांनाही नाही. निकाल लागला तो छायाचित्रावरून. किटेल सहा मिलिमीटरने जिंकला होता. वेळेत सांगायचं तर ०.०००३ सेकंदाने.

पापणी लवायला साधारण एक दशांश सेकंद लागतो. तेवढ्यात हे अंतर तीनशेहून जास्त वेळा मावेल. २१३.५ किलोमीटरचे मिलिमीटर केले आणि सहाने भागले, तर उत्तर येतं ३ कोटी ५५ लाखांच्या वर. विषुववृत्तावरून पृथ्वीला एक पूर्ण फेरी मारली, ४०,०७५ किलोमीटर, तर त्याच प्रमाणात दोघांमध्ये जेमतेम १ मीटर १३ सेंटिमीटरचं अंतर पडेल.

इतकं बारीक मोजणारा कॅमेराही विलक्षण असतो. तो समोरचं दृश्य टिपत नाही. शेवटच्या रेषेची फक्त एक अरुंद उभी फट तो बघतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी जोडत जातो. म्हणून त्या छायाचित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसतं, वेळ असते. चित्रातला प्रत्येक सायकलपटू रेषेवरच आहे, फक्त वेगवेगळ्या क्षणी. चाकं कधी लंबगोल दिसतात ती त्यामुळेच. पंच त्या चित्रावर पुढच्या टायरच्या कडेला टेकून एक उभी रेघ ओढतात. त्या दिवशी दोन टायरांसाठी ओढायच्या दोन रेघा जवळपास एकावर एक आल्या.

या सहा मिलिमीटरची गोष्ट खूप वेळा सांगितली गेली आहे. मला जास्त थक्क करतो तो दुसरा आकडा. २१३.५ किलोमीटरपैकी किटेलने वारा थेट अंगावर घेतला तो शेवटच्या दोनेकशे मीटरांत, म्हणजे टप्प्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरात. उरलेलं सगळं अंतर त्याच्यासाठी वारा दुसऱ्या कुणीतरी कापला होता.

सायकल शर्यतीतला खरा प्रतिस्पर्धी हवा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या पुढे गेलं की सायकलपटूची बहुतेक सगळी ताकद हवा बाजूला सारण्यातच खर्च होते. आणि हवेचा हिशेब निर्दय असतो. वेग दुप्पट केला की हवेपुरती लागणारी ताकद दुप्पट होत नाही, आठपट होते. ताशी ४० वरून ६० वर जायचं, म्हणजे वेग फक्त दीडपट करायचा, तर जवळजवळ साडेतीनपट ताकद मोजावी लागते. कितीही तगडा गडी असला तरी हा खर्च त्याला एकट्याने फार वेळ झेपत नाही.

पण दुसऱ्याच्या मागे राहिलं की हा खर्च कोसळतो, आणि शंभर जणांच्या मागे राहिलं तर जवळजवळ नाहीसा होतो. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक बर्ट ब्लोकेन यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलपटूंच्या जथ्याभोवतीची हवा संगणकावर उभी केली. त्यासाठी जथ्याभोवतालच्या अवकाशाचे जवळपास तीन अब्ज तुकडे पाडावे लागले आणि महासंगणक लावावा लागला. पडताळणीसाठी १२१ छोट्या प्रतिकृती वायुबोगद्यात मांडल्या. निष्कर्ष असा की जथ्याच्या मधल्या आणि मागच्या भागात, चांगल्या जागी असलेल्या सायकलपटूला एकट्याने जाताना होणाऱ्या हवेच्या विरोधाच्या फक्त पाच ते दहा टक्के विरोध होतो. जथा ताशी ५४ किलोमीटरने धावत असतो, आणि आतल्या माणसाला हवा जाणवते ती ताशी १२ ते १५ किलोमीटरच्या वेगाची. भाजी आणायला निघालेला माणूस साधारण त्याच वेगाने सायकल चालवतो.

टूरमध्ये २०१८ पासून एका संघात आठ जण असतात. त्याआधी नऊ असायचे. २१ टप्पे, २३ दिवस, सुमारे ३,४०० किलोमीटर. २२ संघ धरले तर सुरुवातीला १७६ जण असतात. या सगळ्यांत सपाट टप्पा खरोखर जिंकू शकणारे स्प्रिंटर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचं काम वेगळं, आणि त्या कामाचे आकडे निकालाच्या कागदावर येतच नाहीत.

सपाट टप्प्यावर झेंडा पडला की तीन-चार जण पुढे पळतात. जथा त्यांना जाऊ देतो. अंतर तीन-चार मिनिटांवर स्थिरावतं आणि मग स्प्रिंटरांचे संघ आपला एकेक माणूस जथ्याच्या तोंडाशी लावतात. पुढच्यांना पकडायचं, पण फार लवकर नाही. लवकर पकडलं तर नवे गडी पळतील आणि सगळं पुन्हा सुरू होईल. म्हणून त्यांना दोरीच्या टोकाशी खेळवत ठेवायचं. जुने सायकलपटू आणि नंतर दूरचित्रवाणीवर समालोचन करणारे रॉबेर शापात यांनी याचा एक ठोकताळा सांगून ठेवला आहे. पळालेल्यांना जिवंत राहायचं असेल तर दर दहा किलोमीटरला एक मिनिट हाताशी हवं. शेवटच्या दहा किलोमीटरांत एक मिनिट असेल तर आशा आहे, कमी असेल तर नाही.

कागदावर मांडून बघितलं की ठोकताळ्याच्या पोटातलं गणित दिसतं. चवताळलेला जथा शेवटचे दहा किलोमीटर ताशी ६० ने कापतो, म्हणजे दहा मिनिटांत. पुढच्यांना त्याच अंतराला अकरा मिनिटं लागली तर त्यांचा वेग भरतो ताशी साडेचोपन्न. शापातच्या नियमाचा अर्थ एवढाच की थकलेल्या चौघांपेक्षा आळीपाळीने वारा घेणारा जथा तासाला साडेपाच किलोमीटर जास्त पळू शकतो.

उदाहरणार्थ, १३ जुलै २०२५ ला टूरच्या शिनॉन ते शातोरू या टप्प्यात मातियू व्हान डर पूल आणि योनास रिकार्ट हे एकाच संघातले दोघे सुरुवातीलाच निघाले. १७४.१ किलोमीटरचा टप्पा आणि मागे सगळा जथा. त्या दिवशीचा सरासरी वेग ताशी ५०.०१३ किलोमीटर भरला. टूरच्या इतिहासात तोवर याहून वेगवान टप्पा, वेळेविरुद्धच्या शर्यती सोडल्या तर, एकच झाला होता. १९९९ मध्ये लाव्हाल ते ब्लूआ, ताशी ५०.३५५, विजेता मारिओ चिपोल्लिनी. शातोरूच्या वाटेवर रिकार्ट शेवटच्या काही किलोमीटरांत गळाला. व्हान डर पूलला जथ्याने गाठलं तेव्हा रेषा साधारण ७०० मीटरांवर होती. त्या वेगाला पाऊण मिनिटही नाही. टप्पा टिम मर्लियरने जिंकला. साडेतीन तासांची झुंज इतक्या थोडक्यात हुकलेली पाहताना माझं मन पूर्णपणे त्या दोघांच्या बाजूला होतं. पण ज्यांनी त्यांना पकडून आणलं त्यांच्या श्रमाची किंमतही तेवढीच आहे, आणि ती नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत.

असं एक नाव बेल्जियमच्या टिम डेक्लर्कचं. सायकलविश्वात त्याला ‘एल ट्रॅक्टर’ म्हणतात. २०२१ च्या टूरमध्ये तो स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशच्या संघात होता. सपाट टप्पा असला की तासन् तास दूरचित्रवाणीवर दिसायचा तो त्याचाच चेहरा, जथ्याच्या अगदी पुढे, पळालेल्यांचा पाठलाग करताना. कॅव्हेंडिशने त्या वर्षी चार टप्पे जिंकले, फुजेर, शातोरू, वालांस आणि कार्कासोन, आणि गुणांच्या क्रमवारीतली हिरवी जर्सीही मिळवली. फुजेरला तर एकटा पळालेला ब्रेंट व्हान मूर अगदी शेवटच्या दोनशे मीटरांच्या आसपास पकडला गेला. आणि डेक्लर्क? टूर पूर्ण केलेल्या १४१ जणांमध्ये तो १४१ वा आला. टूरच्या कुठल्याही क्रमवारीपेक्षा मला हा १४१ चा आकडा जास्त बोलका वाटतो.

या माणसांचं काम जवळून पाहायचं असेल तर उन्हाळ्यातल्या दुपारी जथ्याच्या मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपाशी पाहावं. एक सायकलपटू वेग कमी करत जथ्यातून मागे सरकतो, गाडीच्या खिडकीशी येतो आणि एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने पाण्याच्या बाटल्या घ्यायला लागतो. दोन सायकलच्या चौकटीत, तीन पाठीवरच्या खिशांत, बाकीच्या मानेमागून थेट जर्सीच्या आत. गार बाटली पाठीला टेकली की अंग शहारतं. सात-आठ बाटल्यांचं वजन चार किलोच्या वर जातं. नियमाने सायकलचं किमान वजन ६.८ किलो आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त सायकल त्याने अंगावर चढवलेली असते. ते ओझं घेऊन त्याला पुन्हा जथा गाठायचा, शेपटापासून तोंडापर्यंत वाट काढायची, प्रत्येक सोबत्याला बाटली द्यायची आणि आपल्या जागेवर परत लागायचं. दिवसातून कितीतरी वेळा. ज्याच्यासाठी हे चाललंय त्या स्प्रिंटरने दिवसभरात पाण्यासाठी एक पॅडलही जास्तीचं मारायचं नसतं.

शेवटचे तीन किलोमीटर म्हणजे ताशी ६० च्या वेगाने मोजून तीन मिनिटं. इथे आठ-दहा संघांच्या रांगा, सायकलवाल्यांच्या भाषेत ट्रेन, एकमेकींना खेटून धावतात. रस्ता सात-आठ मीटर रुंद, त्यातच दुभाजक, चौकातली गोल बेटं, वळणं. एकूण क्रमवारीत वर असलेल्यांचे संघही इथे पुढे घुसतात, कारण मागे राहून जथा तुटला तर सेकंद जातात. या वेगाने एक सेकंद म्हणजे सतरा मीटर. आणि सेकंदांची किंमत टूरला चांगली ठाऊक आहे. १९८९ मध्ये ग्रेग लेमाँडने लॉरां फिन्याँला ३,२८५ किलोमीटरनंतर फक्त आठ सेकंदांनी हरवलं होतं. शेवटच्या काही किलोमीटरांत कुणी पडला तर त्याला तो ज्या गटात होता त्या गटाचीच वेळ देतात. हा नियम आला तो या गर्दीचं भान ठेवूनच.

ट्रेनमधला प्रत्येक डबा एकदाच वापरायचा असतो. पहिला माणूस जीव तोडून चारेकशे मीटर ओढतो आणि बाजूला होतो. त्याच्यासाठी त्या दिवसाची शर्यत तिथेच संपली. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाने आधीच्यापेक्षा वेग थोडा वाढवूनच सोडायचं, कारण वेग क्षणभर जरी मंदावला तरी मागची लाट दोन्ही बाजूंनी चढून येते. सर्वात अवघड काम शेवटून दुसऱ्याचं, लीड-आउट करणाऱ्याचं. त्याने स्प्रिंटरला रेषेपासून दोनशे मीटरांवर, ताशी ६५ च्या वेगात, मोकळा रस्ता समोर ठेवून सोडायचं. पन्नास मीटर आधी सोडलं तर स्प्रिंटर रेषेआधीच विझतो. पन्नास मीटर उशिरा सोडलं तर दुसरा कुणी आधीच उडी मारून गेलेला असतो. त्या वेगाला पन्नास मीटर म्हणजे पावणेतीन सेकंद.

२००९ च्या टूरचा शेवटचा दिवस, २६ जुलै, पॅरिस. प्लास द ला काँकॉर्डच्या चौकातून शाँझेलिझेवर येणाऱ्या अखेरच्या वळणात ऑस्ट्रेलियाचा मार्क रेनशॉ आतून घुसला आणि कॅव्हेंडिश त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. वळण संपेपर्यंत बाकीचे इतके मागे पडले होते की कॅव्हेंडिश जिंकला आणि त्याला सोडून बाजूला झालेला रेनशॉ दुसरा आला. लीड-आउट करणारा सहसा त्या क्षणी पॅडल थांबवतो आणि वीस-तीस जण त्याला ओलांडून जातात. मागच्या सगळ्या स्प्रिंटरांना एका वळणात हरवण्याचं काम त्या दिवशी रेनशॉने केलं होतं.

मग त्या शेवटच्या दहा-अकरा सेकंदांत स्प्रिंटर काय करतो? दीड हजार वॉटच्या आसपास ताकद तो पॅडलमध्ये ओततो. पुढे ५४ दात्यांचं चक्र आणि मागे ११ दात्यांचं असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल दहा मीटरांहून जास्त पुढे जाते. ताशी ७० चा वेग गाठायला तो गिअर मिनिटाला सुमारे ११३ वेळा फिरवावा लागतो, तेही सीटवरून उठून, डोकं हँडलच्या पातळीपर्यंत खाली घालून, पाच तासांनंतर.

आणि अंगावर फक्त पातळ कापड. ५ ऑगस्ट २०२० ला पोलंडच्या शर्यतीत काटोव्हित्से इथे उतारावर ठेवलेल्या शेवटच्या रेषेकडे जथा ताशी ८० च्या वर वेगाने आला. डायलन ग्रूनेव्हेगेन या स्प्रिंटरने आपली सरळ रेषा सोडली आणि फॅबियो याकोब्सन कठड्यांवर फेकला गेला. त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावं लागलं, चेहऱ्यावर १३० टाके पडले. ग्रूनेव्हेगेनवर नऊ महिन्यांची बंदी आली. २०२२ च्या टूरमध्ये डेन्मार्कमधल्या न्यूबोरला याकोब्सनने टप्पा जिंकला, आणि दुसऱ्याच दिवशी ग्रूनेव्हेगेनने. उतारावर शेवटची रेषा आखणाऱ्या आयोजकांना माफ करायला मात्र माझं मन तयार होत नाही. ताशी दहा किलोमीटर वेग वाढवून त्यांनी कुणाच्या आनंदात काय भर घातली?

स्प्रिंटरसमोर दुसरं संकट असतं ते डोंगराचं. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वात आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. स्प्रिंटर त्याच्या नेमका उलट. जड मांड्या घेऊन तो आल्प्समध्ये रखडतो. पण त्याला वेळेत पोचणं भाग असतं, कारण विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून जी मुदत निघते तिच्यापुढे गेलेला सायकलपटू शर्यतीतून बाद होतो. २०१८ मध्ये आल्प्समधल्या दोन दिवसांत किटेल आणि कॅव्हेंडिश मुदतीबाहेर गेले आणि ग्रायपेल, गाव्हिरिया, ग्रूनेव्हेगेन या स्प्रिंटरांनी शर्यत सोडली. २०२१ मध्ये टीन्यच्या चढावर कॅव्हेंडिश मुदतीच्या दीड मिनिट आधी पोचला, सोबत्यांच्या पाठीमागे. ते दीड मिनिट गेलं असतं तर वालांस आणि कार्कासोनचे विजय झालेच नसते.

२०२४ च्या टूरमध्ये तर पहिल्याच दिवशी असं झालं. फ्लॉरेन्स ते रिमिनी, इटलीतलं ऊन, ३९ वर्षांचा कॅव्हेंडिश सायकलवरच ओकत होता. त्याचे सोबती जथा सोडून मागे आले आणि दिवसभर त्याच्याभोवती राहिले, पाणी ओतत, वेग त्याच्या श्वासाप्रमाणे कमीजास्त करत. ते विजेत्यानंतर सुमारे ३९ मिनिटांनी पोचले, मुदतीच्या आत. चार दिवसांनी, ३ जुलैला, सां-वुल्बाला कॅव्हेंडिशने टूरमधला आपला ३५ वा टप्पा जिंकला आणि एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला. मर्क्सचा शेवटचा विजय होता १९७५ मधला.

३५ टप्पे, १६ वर्षं, १५ टूर. आता ढोबळ हिशेब करू. दर विजयात शेवटचे दोनशे मीटर त्याने वारा स्वतः घेतला असं धरलं, तर सगळा विक्रम मिळून सात किलोमीटर होतो. वेळ, साडेसहा मिनिटांच्या आत. पुण्यात स्वारगेटहून निघालेली बस तेवढ्यात फार लांब जात नाही. टप्प्याची सरासरी लांबी १८० किलोमीटर धरली तर त्या ३५ दिवसांत त्याने ६,३०० किलोमीटर कापले, त्यातले ६,२९३ दुसऱ्यांच्या आडोशाने. आणि वाटेत गळालेले वजा करून दर वेळी सात सोबती धरले, तर त्यांनी मिळून कापलेलं अंतर होतं ४४,१०० किलोमीटर, पृथ्वीच्या परिघाहून चार हजार किलोमीटर जास्त. यात डोंगरातले दिवस धरलेले नाहीत, हरलेले टप्पेही नाहीत.

रेनशॉने टूरमध्ये एकही टप्पा जिंकला नाही. डेक्लर्कनेही नाही. २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये कॅव्हेंडिशच्या संघात असलेला डेन्मार्कचा मिकेल मॉर्कोव्ह हा ट्रॅक सायकलिंगमधला ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता, लीड-आउटच्या कामात त्याच्या तोडीचे फार थोडे. त्याचा टूरमधला आकडाही शून्य. टप्प्याच्या विजेत्याला ११,००० युरो मिळतात, पण ते एकट्याने खिशात घालायची रीत या खेळात नाही. पैसे संघाच्या गल्ल्यात जातात आणि टूर संपल्यावर त्यांची वाटणी होते. तिच्यात ट्रेनमधल्या प्रत्येकाचा वाटा असतोच, आणि रात्री पाय चोळून देणाऱ्यांचा आणि सायकली धुणाऱ्या मेकॅनिकांचाही.